केरबाच्या गाडीचे मागचे दिवे

एका गावात एक भोळा वडापवाला होता. गावाचं नाव सांगत नाही. तिथं माझं गिऱ्हाईक बरंच आहे आणि प्रत्येकाला वाटेल, रंगवाल्या शेठने आपल्याच भावकीची गोष्ट लिहिली. वडापवाल्याचं नाव मात्र सांगतो. केरबा. तो काही रागावणार नाही. कशाचा राग मानायचा असतो, हे त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

केरबाकडे एक जुनी जीप होती. गावातून तालुक्याला आणि तालुक्याहून गावात माणसं भरून न्यायची, यालाच आमच्याकडे वडाप म्हणतात. केरबाच्या बायकोचं नाव इंदू. गाडी चालवायचं लायसन दोघांकडेही होतं. इंदूने तर ते लग्नाआधीच काढलेलं, वडिलांचा ट्रॅक्टर चालवता चालवता. पण वडापावर बाई बसलेली गावाला बघवेना, म्हणून स्टिअरिंग केरबाकडे आणि अक्कल इंदूकडे, अशी वाटणी झाली होती. संसार बरा चालला होता.

मग उन्हाळ्यात गाडीचं पासिंग आलं. पासिंग म्हणजे साहेब लोक गाडी तपासतात आणि ठीक वाटली तर कागद देतात. तो कागद असेल तरच गाडीत माणसं बसवायची. तारीख मिळाली शुक्रवारची. आणि या खेपेला नुसत्या वडापाचा प्रश्न नव्हता. हायस्कूलच्या मोठ्या बाईंनी निरोप दिला होता, की जूनपासून वस्तीवरच्या मुलींना शाळेत ने-आण करायचं काम केरबाच्या गाडीला देते, पण शनिवारी दुपारी बारापर्यंत पासिंगचा कागद माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर दुसरा गाडीवाला तयार आहे.

इंदूने केरबाला समोर बसवलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"तो कागद आला नाही, तर मी माहेरी जाणार. कायमची. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"तू माहेरी जाणार."

"कागद आला नाही तर!"

"हां. ते पण."

गाडीत तसं काही वाईट नव्हतं. इंजिन ठणठणीत होतं, ब्रेक चांगले होते. फक्त मागचे दिवे. वर्षानुवर्षं उन्हात उभे राहून त्यांचा लाल रंग उडाला होता. आधी गुलाबी झाले, मग फिक्कट, आणि आता तर कुणीतरी सरबत सांडून पुसून घेतल्यासारखे दिसत होते. तशा मॉडेलचे नवे दिवे बाजारात मिळेनात. म्हणून सोमवारी सकाळी इंदू म्हणाली, "अहो, मागचे दिवे घरीच लाल रंगवून घ्या."

केरबाने घरात बघितलं. उंबऱ्याला दिलेला लाल ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता. त्याने तो घेतला आणि दिव्यांना लावला. एकदा लावला. वाळला, पुन्हा लावला. मग मन भरेना म्हणून तिसऱ्यांदा लावला. दिवे असे लालभडक झाले की गल्लीतली माणसं येऊन बघून गेली.

"आता तू आत बसून ब्रेक दाब," केरबा इंदूला म्हणाला. "मी मागून बघतो."

इंदूने ब्रेक दाबला. केरबा मागे उभा राहून बघत होता.

"लागला का?" इंदू ओरडली.

"लाल आहे."

"अहो, लागला का?"

"लाल तर आहेच. तू दाबायच्या आधीपासून आहे."

इंदूने खाली उतरून बघितलं. रंगाच्या त्या थरातून उजेडाचा एक कण बाहेर येत नव्हता. तिने केरबाला माझ्याकडे पाठवलं.

तालुक्याच्या पेठेत माझं रंगाचं दुकान आहे. इतकी वर्षं रंग विकतोय, त्यामुळे माणसं कशी कशी असतात ते मला थोडं माहीत आहे. एकदा एक गिऱ्हाईक डबा परत घेऊन आलं. म्हणालं, झाकण लाल आहे आणि आत पांढरा रंग निघाला. त्याची समजूत काढायला मला दोन चहा पाजावे लागले. पण तो केरबाच्या पासंगाला पुरला नसता.

मी म्हणालो, "केरबा, उंबरा वेगळा आणि दिवा वेगळा. दिव्यातून उजेड बाहेर आला पाहिजे. रंग पातळ असावा लागतो. इतका पातळ, की खालचं आरपार दिसलं पाहिजे."

"असं व्हय?" केरबा म्हणाला. "मग आधी सांगायचं की, शेठ! आता तसंच करतो."

मी त्याला काचेला लावायचा पातळ लाल रंग दिला, थिनरची बाटली दिली, जुना रंग पुसायला चिंध्याही दिल्या. तो खूश होऊन गेला.

घरी जाऊन त्याने दिवे स्वच्छ पुसले. इथवर बरोबर. आता रंग लावणार, तेवढ्यात इंदू म्हणाली, "दिवे राहू द्या उद्यावर. आधी दारावरची अक्षरं बघा, पार उडाली आहेत. नाव, गाव आणि किती माणसं बसतात तो आकडा, एवढं काळ्या रंगानं नीट लिहून काढा."

केरबाला माझं बोलणं आठवलं. पातळ. खालचं आरपार दिसलं पाहिजे. त्याने काळ्या रंगात थिनर ओतलं. पळीभर ओतलं, रंग थोडा दाट वाटला, मग बाटलीच उपडी केली. त्या काळ्या पाण्याने त्याने दारावर नाव लिहायला घेतलं.

नाव लिहून होईपर्यंत निघालंसुद्धा. 'केरबा' दारावरून निघाला तो पायरीवर जाऊन थांबला. गाव चाकावर उतरलं. माणसांचा आकडा टायरखाली गेला. केरबा शांतपणे ब्रश धरून बघत होता. खालचं सगळं आरपार दिसत होतं, तेव्हा काम चोख झालं असंच त्याला वाटलं.

इंदूने कपाळावर हात मारला आणि त्याला पुन्हा माझ्याकडे पाठवलं.

"अरे बाबा," मी म्हणालो, "अक्षरं काढताना रंग दाटच लागतो. आणि कडेनं कागद लावून चिकटपट्टी मारायची असते, म्हणजे रंग भलतीकडे जात नाही. नको ते आधी झाकायचं, मग काम करायचं."

"असं व्हय? मग आधी सांगायचं की, शेठ! आता तसंच करतो."

मी चिकटपट्टीची तीन वेटोळी दिली. वर रद्दीचा गठ्ठाही दिला. मी माल नेहमी सढळ हाताने देतो, आणि त्या दिवशी तेच चुकलं.

मंगळवारी सकाळी इंदूने दारावरची अक्षरं स्वतःच्या हाताने लिहिली. लिहून झाल्यावर ती गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि पुढच्या काचेपाशी थांबली.

"इथं कोपऱ्यात बारीक ओरखडा आहे," ती म्हणाली. "साहेबाच्या डोळ्यात यायला नको."

केरबाने मान डोलावली. नको ते झाकायचं. ओरखडा नखाएवढा होता. पण आज नखाएवढा आहे, उद्या वाढला तर? केरबाने विचार केला आणि सगळी काच झाकून टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत वर्तमानपत्र, कडेनं चिकटपट्टी, कुठंही फट नाही. काम इतकं सुबक होतं की मी असतो तर शाबासकी दिली असती. मग त्याने आठ माणसं भरली आणि तालुक्याची वाट धरली.

पुढच्या सीटवर सरूबाई होती. तिने थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाली, "केरबा, रस्ता दिसतोय का रं तुला?"

"मला कशाला दिसायला पाहिजे, मावशी? रोजचाच आहे."

तिच्या शेजारी पिसाळ गुरुजी बसले होते. वर्तमानपत्राचं बातम्यांचं पान आतल्या बाजूला आलं होतं. एका गावच्या सरपंचाची म्हैस चोरीला गेल्याची बातमी त्यांच्या बरोबर नाकासमोर होती. त्यांनी ती वाचायला घेतली. म्हैस कुठे सापडली तिथवर ते आले आणि गाडी कडब्याच्या गंजीत शिरली.

कुणाला काही लागलं नाही. कडब्याची गंज दबते. पण आठ माणसं गंजीतून बाहेर आली तेव्हा कुणाच्या पागोट्यात काडी होती, कुणाच्या तोंडात. सरूबाईने केरबाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. गुरुजी मात्र शिकवणारे. त्यांनी कडबा झटकला, चष्मा पुसला आणि समजावून सांगितलं.

"केरबा, कागद लावायचा तो कामापुरता. काम झालं, की झाकलेलं सगळं काढून टाकायचं. ताबडतोब. कळलं?"

"असं व्हय? मग आधी सांगायचं की, गुरुजी! आता तसंच करतो."

"आणि त्या म्हशीचं पुढे काय झालं?" सरूबाईने विचारलं. तिनेही अर्धी वाचली होती.

बुधवारी इंदूने पहाटे उठून कुरडयांचा चीक शिजवला. अंगणात बाजेवर कुरडया घातल्या, वर जुनं लुगडं झाकलं आणि कंबर धरून उभी राहिली.

"झालं बाई एकदाचं काम," ती म्हणाली आणि विहिरीवर गेली.

केरबा ओट्यावर बसला होता. त्याने ऐकलं. काम झालं. झाकलेलं काढून टाकायचं. ताबडतोब. त्याने लुगडं ओढलं, नीट घडी घालून ठेवलं आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसला. आधी कावळे आले. मग शेजारच्या दोन शेळ्या आल्या. केरबा त्यांच्याकडे बघत होता. शेळ्यांना हाकलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

इंदू परत आली तेव्हा बाजेवर चार कुरडया आणि एक शेळी होती.

"अहो!" इंदूला रडू आणि राग एकदमच आले. "ओलं आहे तोवर झाकून ठेवायचं! जवळ राखण बसायचं! पार वाळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही, कितीही कुणी आलं तरी!"

"असं व्हय? मग आधी सांगायचं की, इंदू. आता तसंच करतो."

आता गंमत ऐका. त्याच दुपारी केरबाने दिवे रंगवायला घेतले. रंग काचेचा होता, तो पातळ होताच. दिव्याच्या कडेनं त्याने कागद लावून चिकटपट्टी मारली. रंग लावला, आरपार दिसतंय ना ते बघितलं. काम झाल्यावर कागद काढले. मग वरून धूळ बसू नये म्हणून दोन्ही दिव्यांवर टोपल्या पालथ्या घातल्या आणि सूर्य मावळेपर्यंत काठी घेऊन राखण बसला. तिघांनी चार वेळा सांगितलेलं एकेक वाक्य त्या एका कामात बरोबर जागेवर जाऊन बसलं. इंदूने ब्रेक दाबला. मागे डाळिंबाच्या दाण्यासारखे दोन दिवे लागले.

केरबा बघतच राहिला. इंदूही बघत राहिली. ती म्हणाली, "छान झालेत हो." लग्नाला अकरा वर्षं झाली होती. असं तिने पहिल्यांदाच म्हटलं.

गुरुवारी इंदूचे वडील आले. तात्याबा. जावयाच्या गाडीचं उद्या पासिंग, तर एकदा नजर टाकून जावी, म्हणून म्हातारा मुद्दाम दोन गाड्या बदलून आला होता. इंदू दळणाला गेली होती. तात्याबांनी गाडीला फेरी मारली, दिवे बघितले, मान डोलावली. दिवे लांबून कसे दिसतात ते बघायला चार पावलं मागे सरले. मागे गुरांचा हौद होता.

तात्याबा हौदात बसले. पाणी गळ्यापर्यंत आलं. ते आपले आपणच कसेबसे बाहेर आले आणि काठावर टेकले. पाय मुरगळला होता, उठता येईना.

"जावईबापू," ते म्हणाले, "जरा हात द्या."

केरबा दोन पावलं मागे सरला. "मामा, तुम्ही ओले आहात."

"हौदात पडलो तर ओला होणारच की! हात द्या."

केरबाने घरातून लुगडं आणलं आणि सासऱ्यांच्या डोक्यावरून झाकलं. मग काठी घेऊन शेजारी राखण बसला. ऊन चांगलं होतं. आरडाओरडा ऐकून शेजारचे लोक धावत आले.

"कुणी हात लावू नका," केरबाने काठी आडवी धरली. "अजून ओले आहेत."

"अरे, म्हाताऱ्याला उन्हात घेरी येईल!"

"थोडं थांबा. वरची बाजू वाळत आली आहे."

लुगड्याच्या आतून तात्याबा जे बोलत होते, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तासाभराने केरबाने लुगड्याचं टोक उचललं, धोतराला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "आता उलटं करू या."

तेवढ्यात दळण घेऊन इंदू आली, म्हणून म्हातारा वाचला. तिने आणि शेजाऱ्यांनी त्यांना उचलून लिंबाखाली नेलं, पाणी पाजलं. तात्याबांना बोलायला येऊ लागलं तसे ते बोट रोखून केरबाला म्हणाले, "जावईबापू, एवढं एक लक्षात ठेवा. म्हातारं माणूस उन्हात अडकलेलं दिसलं, तर राखण बसायचं नसतं! सरळ उचलायचं आणि सावलीत नेऊन ठेवायचं. काही विचारायचं नाही, त्याचं काही ऐकायचं नाही. आधी सावली!"

"असं व्हय? मग आधी सांगायचं की, मामा. आता तसंच करतो."

शुक्रवार उजाडला. तालुक्याच्या बाहेर एक मोठं मोकळं मैदान आहे, तिथं पासिंग होतं. ते माझ्या दुकानापासून जवळच, म्हणून मीही गेलो. माझा रंग साहेबांना कसा वाटतो ते मला बघायचं होतं. गाडीत केरबा आणि इंदू होते. तात्याबा घरी पाय शेकत बसले होते.

साहेब साठीला टेकलेले, डोक्यावर विरळ केस. त्यांनी इंजिन बघितलं, टायर बघितले, दारावरची अक्षरं वाचली. काचेवरच्या ओरखड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग ते मागे गेले, ब्रेक दाबायला लावला आणि चष्मा वर करून दिवे न्याहाळले.

"नवे बसवलेत?"

"नाही साहेब," इंदू म्हणाली. "घरी रंगवलेत."

"कुणी?"

"यांनी."

साहेबांनी केरबाकडे आदराने बघितलं. त्या आठवड्यात असं बघणारे ते एकटेच.

"उत्तम. आता फक्त ब्रेकची चाचणी. बाई, तुम्ही खाली उतरा. केरबा, तुम्ही गाडी तिकडून जोरात आणायची. मी इथं झेंडा धरून उभा राहतो. झेंडा हलवला, की ब्रेक. बस्स. मग कागद घेऊन जा."

इंदूने हात जोडले. केरबा गाडी घेऊन लांब गेला, वळला, जोरात निघाला. साहेब भर उन्हात मैदानाच्या मध्ये उभे होते. त्यांनी झेंडा हलवला. केरबाने ब्रेक दाबला. गाडी रेषेवर गपकन उभी राहिली, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

साहेब हसले. इंदू हसली. मीसुद्धा हसलो, आणि तेवढ्यात केरबा गाडीतून उतरला.

त्याच्या डोळ्यांसमोर एक म्हातारा माणूस उन्हात उभा होता. घामाने थबथबलेला. आजूबाजूला झाडाचं पान नाही. केरबाने विचारलं काही नाही. वाकला, साहेबांना दोन्ही हातांवर उचललं आणि कंपाउंडच्या कडेच्या बाभळीकडे पळत सुटला. साहेब पाय झाडत होते, झेंडा हलवत होते, "सोड! अरे सोड!" म्हणून ओरडत होते. पण त्याचं काही ऐकायचं नाही, असंही सासऱ्यांनी बजावलं होतं.

हँडब्रेक ओढायचा राहिला होता. मैदानाला किंचित उतार आहे. गाडी आपणहून निघाली, सावकाश गेली आणि वाळूच्या ढिगाला नाक लावून उभी राहिली.

केरबाने साहेबांना बाभळीखाली काट्यांवर बसवलं. "आता बरं वाटतंय का?" त्याने विचारलं.

साहेबांनी आधी काटे काढले. मग उठले. इंदू धावत येऊन त्यांच्या पाया पडू लागली.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या गाडीत एक खोट नाही. जी आहे ती या माणसात आहे." मग केरबाकडे वळून कडाडले, "हे लाल दिवे गाडीला कशाला लावलेस? ते तुला लावायला पाहिजेत! म्हणजे मागून येणारा माणूस तुला बघून वेळीच थांबेल!"

"असं व्हय?" केरबा म्हणाला. "मग आधी सांगायचं की, साहेब!"

साहेबांनी त्याचं बोलणं कानावर घेतलं नाही. इंदूच्या तोंडाकडे बघून त्यांना दया आली असावी. "उद्या सकाळी दहाला पुन्हा या," ते म्हणाले. "शेवटची संधी देतो. बाई, लायसन तुमच्याकडे आहे का? मग गाडी तुम्हीच आणा. याला स्टिअरिंगला हात लावू देऊ नका."

"नाही लावू देणार, साहेब," इंदू म्हणाली. केरबा मात्र गाडीच्या मागे गेला. तो दिव्यांकडे बघत होता.

शनिवारी मी दुकान बंद ठेवलं. धंद्यात असं करू नये हे मला कळतं. पण आयुष्यात काही दिवस असे येतात की माणसाने दुकान बंद ठेवलेलं बरं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना गाडी मैदानात आली. स्टिअरिंगवर इंदू होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. सकाळी घाई इतकी झाली की ती सरळ पुढे चढून बसली होती. "मी मागं बसतो," केरबा म्हणाला होता, आणि ती बरं म्हणाली होती. तिला वाटलं, मागच्या सीटवर. केरबा मागच्या पायरीवर उभा होता, तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे.

गाडी थांबली. केरबा पायरीवरून उतरला. साहेब वही घेऊन मागच्या बाजूला आले आणि जागच्या जागी उभे राहिले.

गाडीच्या मागे, जिथं दिवे असतात तिथं, दोन गोल भोकं होती. प्रत्येक भोकातून एकेक वायर बाहेर आली होती. पाण्याच्या मोटरीची उरलेली वायर, सहा-सात हात लांब. दोन्ही वायरी केरबाच्या पाठीशी गेल्या होत्या. आणि केरबाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या खाली, सुतळीने पक्के आवळलेले, दोन दिवे होते.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"गाडीचे काढले आणि मला लावले, साहेब. तुम्ही काल सांगितलं तसे." केरबा पाठ करून नीट उभा राहिला. "सरळ आहेत ना?"

पुढे बसलेल्या इंदूला यातलं काही दिसत नव्हतं. तिने आपलं ठरल्याप्रमाणे ओरडून विचारलं, "साहेब, ब्रेक दाबू का?" आणि दाबला.

केरबाच्या पाठीवर दोन दिवे लागले. लालचुटूक, आरपार, कुठंही ओघळ नाही. मी रंगाचा व्यापारी आहे, खोटं बोलणार नाही. इतके सुंदर दिवे त्या मैदानावर मी तरी कधी पाहिले नव्हते.

साहेबांनी दिवे बघितले. भोकं बघितली. वहीत बघितलं. त्यांच्या वहीत गाडीच्या दिव्यांचा रकाना होता, माणसाच्या दिव्यांचा नव्हता. त्यांनी पेन उघडलं, एकच शब्द लिहिला, कागद फाडून इंदूच्या खिडकीतून आत दिला आणि म्हणाले, "बाई, गाडीला मागचे दिवे नाहीत. नापास. गाडी बाहेर काढा."

इंदूने कागद वाचला. मागे वळून बघितलं नाही. डोळ्याला पदर लावला आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

मैदानाच्या फाटकातून डावीकडे गेलं की केरबाचं गाव. उजवीकडे गेलं की इंदूचं माहेर, अठरा किलोमीटर. गाडी फाटकाशी आली आणि उजवीकडे वळली.

वायरी ताणल्या. सुतळी पक्की होती. केरबा गाडीमागे पळू लागला, सात हातांवरून, दोन्ही हात वर करून. पुढे गतिरोधक आला, इंदूने ब्रेक दाबला. केरबा लाल झाला. मागून येणारा उसाचा ट्रक कचकन थांबला, त्याच्या मागची एसटी थांबली, एसटीमागच्या दोन बैलगाड्याही थांबल्या. बरोबर साहेब म्हणाले होते तसंच सगळं झालं. केरबाने पळता पळता मान वळवून ते बघितलं आणि त्याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्याची हाक मला फाटकापाशी ऐकू आली:

"इंदू! लागतायत गं! लागतायत!"